अश्वहृदय आणि अक्षहृदय

मनुष्य कोणत्या योग्यतेचा आहे हे त्याच्या दिवाणखान्यातील पुस्तकांच्या कपाटावरून ओळखू नये. शनिवारी रात्रीची जेवणे आटोपल्यावर तो दार लोटून घेऊन काय वाचीत बसतो त्यावरून ओळखावे, असे आमचे मत आहे. हे मत आमच्याच अब्रूला फारसे पोषक नाही, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे. कारण पावसाळ्याच्या दिवसांत शनिवारी रात्री आमच्या मेजावर जे पुस्तक उघडे असते ते शेक्सपिअरचे नसते आणि कालिदासाचेही नसते. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या रेसकोर्सवर जे घोडे धावावयाचे असतात, त्यांची नावे, त्यांचे आईबाप, वय, पाठीवरचे वजन आणि मागील शर्यतींतील त्यांचे पराक्रम व फजित्या यांची नोंद असलेले ते एक दाट छपाईचे चोपडे असते. हाती शिसपेन्सिल घेऊन आम्ही ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो, आणि अकराच्या सुमारास प्रत्येक शर्यतीतील एकेका घोड्याच्या क्रमांकाभोवती वर्तुळ काढून, ते क्रमांक एका वहीत उतरवून झोपी जातो. रविवारी सायंकाळी निकाल पाहावयाचे, बरोबर आलेल्यांपुढे खूण करावयाची, आणि सोमवारी वर्गात जाऊन मिल्टन शिकवावयाचा. आमचे व्यसन ते एवढेच. त्यात एका पैचाही व्यवहार नाही. निदान नसावा, असा नियम आहे. तो नियम एकदा मोडला, त्याची कबुली पुढे यावयाचीच आहे.

सभ्य घरांतून ‘रेस’ हा शब्द मोठ्याने उच्चारीत नाहीत, हे आम्हांस ठाऊक आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका जुगाऱ्याचे सूक्त आहे. त्याची बायको त्याला दूर लोटते, आई त्याच्यासाठी शोक करते, आणि तो मात्र फाशांचा आवाज कानी पडताच पुन्हा सभेकडे धाव घेतो. पुढे प्रत्यक्ष धर्मराजाने पट्टराणीसुद्धा पणाला लावून दाखविली. असा वारसा असलेल्या समाजाने घोड्यांकडे पाठ फिरवावी हे ठीकच आहे. तथापि मुंबईच्या महालक्ष्मीवर १८८३ पासून घोडे धावत आले आहेत, पुण्याच्या लष्कर भागातील रेसकोर्स त्याहूनही जुने आहे. आणि पावसाळ्यात पुणे, हिवाळ्यात मुंबई असा हा अश्वांचा संसार पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. कठड्याशी गर्दी करणाऱ्यांत संस्थानिकांपासून कारकुनांपर्यंत सारे होते. त्या कारकुनांपैकी एक आमचे वडील होते.

परंतु वडिलांकडे वळण्यापूर्वी घोडा निवडावयाचा कसा, हे सांगितले पाहिजे. त्यावाचून या छंदातील गोडी कळावयाची नाही. पुष्कळांची अशी समजूत असते की, जो घोडा सर्वांत वेगवान तो जिंकणार, मग त्यात निवडावयाचे ते काय? पण शर्यतीच्या मैदानावर हँडिकॅपर नावाचा एक अधिकारी असतो, आणि हा सरळपणा नाहीसा करणे हेच त्याचे कर्तव्य असते. प्रत्येक घोड्याच्या मागील कामगिरीवरून तो त्याला गुण देतो, आणि त्या गुणांच्या प्रमाणात त्याच्या पाठीवर वजन चढवितो. उत्तम घोड्याच्या वाट्याला साठ किलो आले, तर साधारण घोड्याला पन्नासच. जॉकी आणि खोगीर मिळून तेवढे भरले नाही, तर शिशाचे पत्रे घालून ते पुरे करावयाचे. एक-दीड किलो म्हणजे सुमारे एका घोड्याच्या लांबीचे अंतर, असा ढोबळ हिशेब आहे. एकोणिसाव्या शतकात अ‍ॅडमिरल रौस या आरमारी गृहस्थाने इंग्लंडात या शास्त्राला शिस्त आणली. जहाज हाकणाऱ्याने घोड्यांना वजने वाटावी हा इंग्रजी स्वभावाचा मासला म्हणावयाचा. हँडिकॅपरचे स्वप्न असे असते की, सारे घोडे शेवटच्या खांबाशी एकाच रेषेत यावेत. आम्ही परीक्षक लोक याच्या नेमके उलट करतो; जो हुशार त्याच्यावरचे ओझे उतरवितो आणि जो मागे पडला त्याच्या पाठीवर नापासाचे वजन घालतो. दोहोंत अधिक न्यायी कोण, हा प्रश्न आम्ही विद्यापीठाच्या कोणत्याही सभेत अद्याप उपस्थित केलेला नाही.

वजनाच्या मागोमाग अंतर येते. हजार-बाराशे मीटरांत विजेसारखा चमकणारा घोडा दोन हजार मीटरांच्या शर्यतीत शेवटच्या वळणावरच उसासे टाकू लागतो. मग आरंभीची जागा पाहावयाची. आतल्या कठड्यालगतच्या घोड्याला वळणावर कमी पल्ला पडतो, पण त्याला कोंडीत सापडण्याचे भयही असते. पहाटेच्या सरावात शेवटचे सहाशे मीटर कोणी किती सेकंदांत काटले, तेही छापून येते. आणि पुण्याच्या पावसाळ्यात सर्वांत मोठा प्रश्न जमिनीचा! जमीन किती मऊ आहे हे पाहण्यासाठी धावपट्टीत एक टोकदार उपकरण खुपसून आकडा काढतात. पण शनिवारी रात्री काढलेल्या आकड्यांवर रविवारी सकाळी एक सर पडली की आमची सारी विद्या चिखलात जाते. काही घोडे चिखलात रमतात, काही त्यात पाय टाकावयाला नाखूश असतात; त्यांच्या मागल्या पिढ्यांतही तोच स्वभाव शोधावा लागतो. स्थळे पाहणाऱ्या आमच्या मावशीखेरीज वंशावळींचा एवढा बारीक अभ्यास करणारे दुसरे कोणी आम्हांस माहीत नाही.

उद्याची तिसरीच शर्यत घ्या. अंतर १२०० मीटर, घोडे दहा. क्रमांक १ मागल्या खेपेस जिंकला आहे. पण त्या विजयाचे बक्षीस म्हणून आता त्याच्या पाठीवर साठ किलो आहेत, आणि तो विजय कोरड्या जमिनीवरचा होता. क्रमांक ७ ची पहाटेची धाव डोळे दिपविणारी आहे. परंतु पहाटे एकट्याने धावणे निराळे आणि दुपारी नऊ जणांच्या खुरांची माती तोंडावर घेत धावणे निराळे. घरी पाठ म्हणणारी मुले वर्गात मुकी होतात, तसे पुष्कळ घोड्यांचे होते. क्रमांक ४ मागल्या वेळी तिसरा आला. पण पुस्तकातील टीप सांगते की, त्याला वाट मिळाली नव्हती आणि शेवटच्या दोनशे मीटरांत तोच सर्वांत जोरात येत होता. वजन चौपन्न, आई चिखलातली पटाईत, आणि बाहेर तीन दिवस पाऊस कोसळतो आहे. आम्ही क्रमांक ४ भोवती वर्तुळ काढले आहे.

हे वर्तुळ काढताना जो आनंद होतो तो कसा सांगावा? विखुरलेल्या पुराव्यातून एक निर्णय आकारास येतो. वकिलाला, वैद्याला आणि टीकाकाराला जे सुख मिळते तेच हे. पण या सुखावर विश्वास किती ठेवावा? जगातील बहुतेक रेसकोर्सांवर लोकांचा सर्वाधिक पैसा ज्या घोड्यावर असतो, तो ढोबळ मानाने तीन शर्यतींत एकदा जिंकतो. म्हणजे हजारो माणसांची एकवटलेली अक्कल तीनांतून दोनदा चुकते. अमेरिकेत मॅन ओ वॉर नावाचा एक अद्वितीय घोडा होऊन गेला. एकवीस शर्यतींपैकी वीस त्याने जिंकल्या. जी एक हरला ती १९१९ साली, आणि त्याला हरविणाऱ्या घोड्याचे नाव होते ‘अपसेट’, म्हणजे उलथापालथ! दैवालाही कधीकधी कोटी करण्याची लहर येते.

याहून विचार करावयाला लावणारी गोष्ट १९७३ सालची आहे. पॉल स्लॉविक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने घोडे निवडणाऱ्या आठ मुरब्बी जाणत्यांना बसविले आणि जुन्या शर्यतींची माहिती, नावे झाकून, त्यांच्यापुढे ठेवली. प्रथम प्रत्येक घोड्याविषयी त्यांना हव्या त्या पाच गोष्टी सांगितल्या, मग दहा, मग वीस, मग चाळीस. माहिती आठपट झाली. पण बरोबर येणाऱ्या निवडींचे प्रमाण होते तेथेच, शेकडा सतराच्या आसपास, राहिले. वाढला तो फक्त निवडणाऱ्यांचा स्वतःवरील विश्वास. तो जवळजवळ दुप्पट झाला. हे प्रथम वाचले तेव्हा आम्ही शिसपेन्सिल खाली ठेवली, आणि आजवर तपासलेल्या प्रबंधांची आठवण होऊन काही वेळ स्वस्थ बसून राहिलो.

आता वडिलांविषयी. ते एका कचेरीत कारकून होते. सुपारीच्या खांडाचेही व्यसन नसलेले, एकादशी पाळणारे, शेजाऱ्यांची पत्रे लिहून देणारे असे ते गृहस्थ होते. हंगामातल्या रविवारी दुपारी ते छत्री घेऊन बाहेर पडत आणि दिवेलागणीला परत येत. कोठे गेले होते हे आम्हां मुलांना कोणी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. १९८५ साली आमच्या थोरल्या बहिणीचे लग्न ठरले. वडील त्या रात्री जेवले नाहीत. लग्नासाठी बारा वर्षे साठविलेल्या रकमेपैकी पुस्तकात चारशे दहा रुपये शिल्लक होते. आईने त्यांना एक शब्द विचारला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकटी सराफाकडे गेली. गेली तेव्हा हातांत पाटल्या होत्या, आली तेव्हा काचेच्या बांगड्या होत्या. लग्न थाटात झाले. पंगतीत वाढताना वडिलांचा हात कापत होता, तो आम्ही पाहिला.

त्यानंतर त्यांनी एक रुपयाही लावला नाही. मात्र चोपडे आणावयाचे सोडले नाही. शनिवारी रात्री खुणा करावयाच्या आणि वहीत उतरवावयाच्या, हा क्रम त्यांनी २००४ साली डोळे मिटेपर्यंत चालविला. आज आमच्याकडे जो आहे तो हाच क्रम होय. कोणाला वडिलांकडून वाडा मिळतो, आम्हांस वही मिळाली. १९९६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की, घोड्यांची शर्यत हा निव्वळ नशिबाचा नव्हे, तर मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. वडिलांनी ती बातमी कापून ठेवली आणि अकरा वर्षांत प्रथमच हा विषय आईपुढे काढला. “बघितलंस? कोर्टानंही सांगितलं, कौशल्याचा खेळ आहे.” आई तांदूळ निवडीत होती. मान वर न करता ती म्हणाली, “असेल. मग माझ्या पाटल्या कोणाच्या कौशल्यानं गेल्या?”

वडील गेल्यावर त्या वह्या आम्ही चाळल्या, आणि १९८८ चा एक हंगाम हिशेबासाठी घेतला. निवडलेले घोडे १४०. त्यांतले पहिले आलेले ४३. म्हणजे शेकडा एकतीस! जगाच्या अकलेइतकीच वडिलांची अक्कल होती. आम्हांस वाटले होते त्यापेक्षा ते पुष्कळच शहाणे होते. पण जिंकलेल्या प्रत्येक घोड्यावर दहा रुपयांमागे किती मिळाले असते, तेही त्यांनी शेजारी लिहून ठेवले होते. बेरीज केली ती ११६१ रुपये. आणि प्रत्येक शर्यतीत दहा रुपये लावले असते तर घातलेली रक्कम झाली असती १४००. नुकसान २३९ रुपये. म्हणजे बरोबर ओळखूनही शंभरामागे सतरा गेले असते.

हे कसे घडते? टोटच्या पद्धतीत सर्वांचा पैसा एका राशीत जमतो. तीतून क्लबाचा आणि सरकारचा वाटा आधी निघतो आणि उरलेला जिंकणाऱ्यांत वाटला जातो. तुम्ही ज्याला उत्तम घोडा म्हणून ओळखले, त्याला आणखी हजारांनी ओळखलेलेच असते. त्यामुळे तुमच्या ज्ञानाचे मोल त्या हजारांत विभागून जाते. सरकारचा वाटा तर वाढतच आला आहे. पणाच्या रकमेवरील कर २०२५ च्या सप्टेंबरात अठ्ठावीस टक्क्यांवरून चाळीस टक्के झाला. तेव्हा कोणता घोडा चांगला, एवढे कळून भागत नाही. कोणता घोडा त्याच्या भावाहून चांगला, हे कळावे लागते. ही दोन निरनिराळी शास्त्रे आहेत.

आमच्या पूर्वजांना हा भेद ठाऊक होता. महाभारतातील नलाला अश्वहृदय, म्हणजे घोड्यांची अंतःकरणापर्यंतची विद्या अवगत होती. आणि तरीही तो द्यूतात राज्य घालवून बसला, कारण घोडे कळणे निराळे आणि फासे कळणे निराळे. पुढे बाहुक होऊन ऋतुपर्ण राजाचा रथ हाकीत असता, वाटेतल्या बेहड्याच्या झाडावर पाने किती आणि फळे किती, हे राजाने चालत्या रथातून सांगितले. नलाने रथ थांबविला, झाड तोडून मोजून पाहिले, आणि मग राजाकडून ते अक्षहृदय, म्हणजे संख्येचे मर्म, शिकून घेतले. बदल्यात त्याला अश्वहृदय देऊ केले. वडिलांच्या १९८८ च्या वहीची बेरीज पुरी झाली त्या रात्री आम्हांस असे वाटले की, वडिलांपाशी पहिली विद्या होती, आता दुसरी आमच्यापाशी आली, आणि आमच्या घराण्यातला कली कायमचा गेला.

ही घमेंड तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात उतरली. एका रविवारी आमच्या वहीतील ओळीने पाच घोडे पहिले आले. ओळीने पाच! तिकीट काढले असते तर जॅकपॉट. त्या आठवड्यात आम्ही वर्गात काय शिकविले, ते आमच्या विद्यार्थ्यांनाच विचारावे. माहिती वाढली की विश्वास वाढतो, अचूकपणा नव्हे. शंभरामागे सतरा जातात. सारे पाठ होते. आणि तरीही पुढच्या रविवारी, एका स्नेह्याकडे जातो असे घरी सांगून, छत्री घेऊन आम्ही बाहेर पडलो. छत्री हाती घेताना वडिलांची आठवण झाली नाही असे म्हटले तर ते खोटे होईल.

मैदान ओले होते. पॅडॉकमध्ये मोतद्दार घोडे फिरवीत होते. त्यांच्या अंगावरून निघणारी वाफ आणि ओल्या गवताचा वास वहीत कधीच आला नव्हता. आम्ही निवडलेला घोडा कान टवकारून, मान कमानीसारखी वाकवून गेला, आणि आम्ही खिडकीपुढच्या रांगेत उभे राहिलो. पाचशे रुपये लावले. शेवटच्या दोनशे मीटरांत आम्ही, पन्नाशी उलटलेले प्राध्यापक, अनोळखी माणसाचा खांदा धरून त्या घोड्याचे नाव ओरडत होतो. तो अर्ध्या लांबीने पहिला आला. मिळालेले पैसे खिशात कोंबले, पण खरे सांगतो, त्या क्षणी पैशांचे स्मरणही नव्हते. आपण म्हटले ते खरे ठरले, जगासमक्ष ठरले, आणि आपल्याला त्याची पावती मिळाली, एवढेच होते. बारा वर्षांची पुंजी कशासाठी गेली, ते त्या दिवशी आम्हांस कळले.

घरी आलो तेव्हा आई ओसरीत बसली होती. ती ऐंशीच्या घरात, दृष्टी मंदावलेली. पण तिने बुटांना लागलेल्या लाल मातीकडे पाहिले, छत्रीकडे पाहिले.

“जिंकलास की हरलास?”

खोटे बोलणे शक्य नव्हते. “जिंकलो,” आम्ही म्हणालो.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “हरला असतास तर मी आज निवांत झोपले असते. हेही पहिल्या दिवशी जिंकूनच आले होते. मला पेढे आणले होते.”

अक्षहृदय मिळताच नलाच्या देहातून कली निघून गेला, असे महाभारत सांगते. व्यासांशी वाद घालण्याची आमची छाती नाही. पण आमच्या बाबतीत ती विद्या येऊनही तो गेला नव्हता, तो नुसता हिशेब शिकून बसला होता. तेव्हापासून आमच्या घरी एक नवी व्यवस्था झाली आहे. शनिवारी रात्री क्रमांक उतरवून झाले की वही आईकडे द्यावयाची. ती ती उशाखाली ठेवते आणि रविवारी दिवस मावळल्यावर परत देते. मधल्या वेळात आम्ही घराबाहेर पडावयाचे नाही, असा काही तिचा हुकूम नाही. पण वही उशाखाली असताना पाय बाहेर निघत नाहीत. निकाल लागल्यावर ती विचारते, “किती आले?” आणि दोन म्हटले की, “बरं झालं, फार नाहीत,” असे म्हणून जपाला बसते.

आता अकरा वाजले आहेत. पाऊस थांबण्याचे चिन्ह नाही, म्हणजे क्रमांक ४ ला उद्याची जमीन मानवेल. पाचव्या शर्यतीत मात्र आमचे मन अजून दोन आणि सहा यांमध्ये घुटमळते आहे. तेवढा एक निर्णय घेऊन वही आत नेऊन द्यावयाची आहे. आई जागी आहे.